ओल्या तेलाचा दस्ता

डुक्कर माझ्या चुलत सासऱ्यांच्या पाठीमागे दहा हातांवर उभं होतं आणि सासरे बंदुकीच्या दस्त्यावर बसलेली माशी फुंकर घालून उडवत होते. हाताने हाकलली तर बोट लागेल म्हणून फुंकर. त्यांच्या मागे ज्वारीचा न काढलेला शेवटचा तुकडा, पुढे धसकटांचं रान, आणि त्या रानात डोक्यावर भाकरीचं टोपलं घेऊन मी, सातवा महिना लागलेली. एवढा बिनकामाचा बंदूकवाला निजामाच्या सगळ्या मुलखात दुसरा नसेल, असं मी तेव्हा मनात म्हणाले. आज उघड म्हणते.

हे माझ्या सासऱ्यांचे धाकटे भाऊ. त्यांना धाकटे मामंजी म्हणायचं. बायको लवकर वारली, मूलबाळ नाही, दुसरं लग्न केलं नाही. झरीच्या अलीकडच्या आमच्या चार गावांत परवान्याची बंदूक एकच, आजेसासऱ्यांनी घेतलेली जुनी दुनळी, आणि ती यांच्या ताब्यात. लोकांना वाटायचं बंदूक डुकरं मारायला असते. यांना वाटायचं बंदूक म्हणजे मागचं लाकूड, आणि पुढच्या दोन नळ्या त्या लाकडाला उगीच चिकटल्यात. मी लग्न होऊन आले त्या साली दस्त्यावर बोटभर काळा मळ होता आणि जागोजागी पोचे होते. त्यांनी तो फुटक्या काचेने खरवडायला घेतला. मला चार वर्षं झाली तरी काम चालूच.

पोचे कसे काढायचे ते मी त्यांच्याकडून पाहिलं. पोच्यावर ओलं फडकं ठेवायचं आणि वरून तापलेलं लोखंड टेकवायचं. वाफ लाकडात शिरते, दबलेलं लाकूड फुगून वर येतं. हे लोखंड म्हणजे माझं उलथनं. ऐन भाकरी तव्यावर असताना ते उलथनं मागायचे, आणि भाकरी मी बोटांनी उलटायची. मग लाकूड घासायला काचकागद. तो आणायला ते गाडी जुंपून मानवतला गेले आणि घरी सांगितलेला गूळ, मीठ, सासूबाईंची औषधाची पुडी, सगळं विसरून काचकागद तेवढा घेऊन आले. वर म्हणाले, "वैनी, कागद लय बारीक मिळाला!" सासूबाई म्हणाल्या, "मग त्योच उगाळून घेते."

काचकागदानंतर तेल. जवसाचं तेल उकळून घ्यायचं, थेंबभर तळहातावर घ्यायचं आणि लाकूड गरम होईपर्यंत चोळायचं. मग आठ दिवस वाळू द्यायचं, कुणी शिवायचं नाही. मग पुन्हा थेंब. असे किती हात दिले ते त्यांनाही माहीत नसेल. घरातला सगळा जवस घाण्याला जायचा. चार वर्षं आमच्या घरात जवसाची चटणी झाली नाही, आणि मामंजींच्या अंगाला मात्र तिचाच वास. शेजारच्या गावचे लोक यायचे, "आबा, डुकरांनी भुईमूग उकरून खाल्ला, बंदूक घेऊन चला." हे दोन्ही तळवे दाखवायचे. "आज हात दिलाय. वलं हाय. पुढच्या बुधवारी सांगा त्यांना यायला." म्हणजे डुकरांना.

एकदा पोलिसांचे अमीनसाहेब परवाना तपासायला आले. दस्ता पाहून खूश झाले. बोट लावायला गेले तर मामंजींनी मधे पंचा धरला. "साब, उंगली का निशान पडता." अमीन हसले, विचारलं, "चलती भी है?" मामंजी म्हणाले, "क्या मालूम साब. दिखती अच्छी है." असा माणूस.

आता माझं त्यांच्याशी बोलणं कसं व्हायचं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या घरात सुनेने सासऱ्यांशी बोलायचं नाही, चुलत सासऱ्यांशी तर नाहीच. सांगायचं ते खांबाला सांगायचं, त्यांनी ऐकायचं. मी म्हणायची, "खांबा, ताट वाढलंय म्हणावं." ते खांबाकडे बघून म्हणायचे, "खांबा, तिला म्हण, तेवढं उलथनं दे." घरात याला कुणी हसत नव्हतं. चार वर्षं आम्ही असं बोललो आणि एक शब्द एकमेकांशी बोललो नाही.

त्या वर्षी ज्वारी काढताना डुकरं मागे मागे सरत शेवटच्या तुकड्यात जमली. नेहमीच तसं होतं. चारी बाजूंनी रान मोकळं होत आलं की जनावर उरलेल्या ताटांत जाऊन बसतं. बाया म्हणाल्या, आम्ही तिकडे जात नाही. थोरले मामंजी, म्हणजे माझे सासरे, भावाला म्हणाले, "बंदूक घेऊन हुबा ऱ्हा तिथं. न्हाईतर आज ती हिरीत टाकतो." हे गेले. पण आदल्या दिवशी शेवटचा हात दिलेला. शेवटचा, असं त्यांनी स्वतः घरात जाहीर केलं होतं. काडतूस घालायचं तर दस्ता धरून बंदूक मधे वाकवून उघडावी लागते, आणि दस्ता धरला तर बोटं उमटतात. म्हणून काडतुसं उपरण्याच्या गाठीत. बंदूक नळीला धरून आणलेली, दस्ता वर करून पेंढीला टेकवलेली. आणि दस्त्याला ऊन मिळावं, आपली सावली पडू नये, म्हणून हे उभ्या ज्वारीकडे पाठ करून बसलेले.

बाया लांब बांधावर पाणी पीत होत्या. डुक्कर बाहेर आलेलं फक्त मला दिसलं. चांगलं रेड्याएवढं वाटलं, सुळे बाहेर. मला हाक मारायची होती आणि तोंडाला सवय नव्हती. जवळ खांब नव्हता. मी पेंढीला म्हणाले, "अगं पेंढे, मामंजींच्या मागं डुक्कर हाय म्हणावं."

मामंजी पेंढीकडे बघून म्हणाले, "पेंढे, तिला म्हण, तितंच थांब. पायानं धुरळा उडायलाय."

त्यांनी डुकराचं ऐकलंच नव्हतं. डुकराने मान खाली घातली. मग मी ओरडले, "मामंजी, मागं बघा!"

ते मागे वळले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. सून आपल्याला तोंडावर बोलली, याचाच त्यांना धक्का बसला. ओरडण्याने डुक्कर मात्र त्यांना सोडून माझ्याकडे निघालं. मी टोपलं टाकलं. पळायला गेले तर धसकट पायात शिरलं आणि मी बसले ती बसलेच.

त्यानंतर जे झालं ते मी नीट पाहिलं, कारण डोळे मिटायचंही सुचलं नाही. मामंजींनी बंदूक नळीकडून दोन्ही हातांनी उचलली आणि धावत मधे येऊन दस्ता डुकराच्या नाकाडावर घातला. एकदा घातला, परत घातला. दुसऱ्या घावाला दस्ता गळ्यातून मोडला आणि तुकडा उडून मातीत पडला. डुकराने त्यांची मांडी फाडली आणि ते बांधावरून पसार झालं.

बाया धावत आल्या. मामंजी खाली बसलेले, धोतर रक्ताने भिजलेलं. तेल, माती, भुसा सगळं त्या तुकड्याला चिकटलेलं. त्यांनी तो हातात घेतला, बघितला आणि बाजूला ठेवला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सूनबाई, कुठं लागलं का?"

मी म्हणाले, "न्हाई."

घरी आल्यावर सासूबाईंनी माझी हजेरी घेतली. "मामंजींना हाक मारलीस? चार बायांच्या देखत?" मामंजी बाजेवर आडवे होते, मांडीला हळद बांधलेली. ते म्हणाले, "वैनी, राहू द्या. त्या पेंढीचं मी ऐकलं न्हाई."

दस्ता त्यांनी पुन्हा जोडला नाही. गावच्या सुताराने विचारलं, खिळा घालून बसवून देतो म्हणाला. हे म्हणाले, "कशाला? ऱ्हाऊ दे." नळ्या पुढे सरकारजमा झाल्या. त्यांचे हात रिकामे राहिले ते राहिलेच. दुपारी ओट्यावर तळवे एकमेकांवर चोळत बसायचे. आम्ही आता समोरासमोर बोलायचो, पण बोलायला असं फार काही निघायचं नाही. मी विचारायची, "मामंजी, च्या करू का?" ते म्हणायचे, "कर." 

मांडी भरायला दोन महिने लागले. तोवर मी बाळंत झाले, मुलगा झाला. मामंजी एक पाय ओढत आणखी चौदा वर्षं जगले. मुलगा आता परभणीला असतो. मी इथे आहे.