बीरगांवच्या छतावरची पिवळी साडी

राज्य नवं होतं. नव्या कार्यालयांतल्या बदल्यांनी आणि कारखान्यांतल्या नोकऱ्यांनी रायपुरात आलेल्या मराठी घरांतली मुलं घरी मराठी ऐकत आणि उत्तर हिंदीत देत. त्यांच्यासाठी चौबे कॉलनीतल्या एका सभागृहात रविवारी सकाळी दोन तासांचा वर्ग भरे. वर्तमानपत्राच्या डेस्कवरची नोकरी सांभाळून मी तो काही वर्षं घेतला. मुलं अकरा, सहावी ते आठवीतली. विषय वर्णनलेखन. कोणाचं गाव भंडारा, कोणाचं अमरावती, शाळाही वेगवेगळ्या. सगळ्यांच्या वाट्याला सारखे आलेले फक्त ऋतू होते, म्हणून धडे ऋतूंवर बेतले.

सातवीतली एक मुलगी बीरगांवहून टेम्पोने येत असे. तिचे वडील उरल्याच्या एका कारखान्यात फिटर होते. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी ते स्वतः तिला सोडायला आले आणि दारातच थांबले.

"मॅडम, एक विचारू का? हे पोट्टी चार महिन्यांपासून येऊन राहिली. घरी मराठीत एक ओळ लिहीत नाही. संक्रांतीच्या कार्यक्रमात हिचं एक पान जरी वाचलं गेलं, तं ठीक. नाही तं रविवारचा टाइम गणिताच्या ट्यूशनले देऊन टाकतो."

मुलगी बाजूलाच उभी होती. वडील गेल्यावर ती म्हणाली, "गणित में मैं ठीक हूँ, मॅडम. पप्पा को मालूम नहीं." मग जागेवर जाऊन बसली. तिला वर्ग सोडायचा नव्हता. कारण विचारल्यावर तिने सांगितलं की गणिताच्या ट्यूशनमध्ये कोणी बोलू देत नाही.

त्या दिवशी 'हिवाळा' हा विषय दिला. अकरा वह्या आल्या. नऊ वह्यांत दवबिंदू मोत्यांसारखे चमकत होते. गोल बाजारात मिळणारी निबंधांची एकच पुस्तिका सगळ्यांच्या घरी होती.

"मोती कोणी पाहिलाय?" मी विचारलं.

"हव," मागून एक मुलगी म्हणाली. "आईच्या कानात आहे. प्लास्टिकचा."

मग मी मला येत होतं ते शिकवलं. फळ्यावर लिहिलं: कोण, काय, कुठे, केव्हा. जे पाहिलं तेच लिहायचं. न पाहिलेलं लिहायचं असेल तर कोणी सांगितलं ते लिहायचं. वर्णन शिकवताना बातमीचे नियम सांगितले, ही चूक माझी. पुढच्या रविवारी तिचं फळ मिळालं. एकाने लिहिलं होतं, "शहरात थंडीचे आगमन झाले असून स्वेटर काढण्याचे काम युद्धपातळीवर सुरू आहे." दुसरीच्या आजोबांनी गुडघेदुखीबाबत प्रतिक्रिया देण्यास नकार दिला होता. बीरगांवच्या मुलीने एकच वाक्य आणलं होतं:

"बीरगांव, आमच्या वार्ताहराकडून. विश्वसनीय सूत्रांकडून कळते की आई रखिया किसत आहे."

रखिया म्हणजे कोहळा. वर्ग हसला. तीही हसली.

"सूत्र कोण?" मी विचारलं.

"आईच."

"आणि किसून काय करते?"

"बडी."

"कशी करतात, सांग."

"मॅडम, ये तो सबके घर होता है. इसमें क्या लिखना?"

"माझ्या घरी होत नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

तिने हिंदीत सांगायला सुरुवात केली. उडदाची डाळ भिजवून वाटतात. कोहळ्याचा कीस त्यात घालून फेटतात, आणि त्याचे गोळे छतावर उन्हात वाळत घालतात. पण बीरगांवात उघड्यावर काही वाळत घातलं की त्यावर कारखान्यांची काळी बारीक भुकटी बसते. म्हणून आई खाट उलटी ठेवते, आत कापड अंथरून त्यावर बड्या घालते आणि वर आलेल्या चार पायांना जुनी साडी ताणून बांधते. इथपर्यंत आल्यावर ती थांबली आणि हातांनी हवेत चार गाठी मारून दाखवल्या. वर्गात कोणी हसत नव्हतं.

मी फळ्यावरचे चारही प्रश्न पुसले. म्हटलं, घरी जा, खाटेजवळ बस, आणि हात, नाक, डोळे यांना जे मिळेल ते लिही. मराठीत शब्द अडला तर जो येतो तो लिही.

पान यायला पाच रविवार लागले. पहिल्या कच्च्या मजकुरात साडी मोत्यांसारखी चमकत होती. मी ते खोडलं आणि समासात लिहिलं: "रंग?" दुसऱ्या वेळी रंग आला, पण बड्या गेल्या. तिसऱ्या वेळी ती वही विसरली आणि सगळं तोंडी म्हणून दाखवलं, तेव्हा ते आधीच्या दोन्हींपेक्षा बरं होतं.

संक्रांतीला आईवडील सतरंज्यांवर बसले. मुलांची पानं भिंतीवर खळीने चिकटवली होती. मुलगी उभी राहिली. तिचे वडील शेवटच्या रांगेत, सकाळची ड्यूटी करून थेट आलेले, तिळगुळाची पुडी हातात तशीच.

तिने वाचलं: "आमच्या छतावर पिवळी साडी आहे. सकाळी ती पिवळी असते, संध्याकाळी उंदराच्या रंगाची होते. खाली वाकून पाहिलं की बड्या पांढऱ्या दिसतात आणि कच्च्या डाळीचा वास येतो. साडी काढायला दोन माणसं लागतात. दोन कोपरे मी धरते, दोन पप्पा धरतात. तेव्हा कोणी शिंकायचं नाही. मागच्या वर्षी मी शिंकले आणि भुकटी खाली सांडली. ती बडी आम्ही खाल्ली, पण पाहुण्यांना दिली नाही."

टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेतून वडील उभे राहिले.

"मॅडम, एक चूक आहे. साड्या दोन असतात. पिवळीच्या खाली एक हिरवी. एका साडीनं भुकटी थांबत नाही. हिनं एकच लिहिली."

सगळ्यांनी मुलीकडे पाहिलं.

"पप्पा, नीचे वाली दिखती नहीं," ती म्हणाली. "मॅडमने जो दिखता है वही लिखने बोला है."

"खाली वाकून पाह्यलं म्हणते ना? मंग खालून हिरवीच दिसन."

तिने कागदाकडे पाहिलं. मीही पाहिलं. पाच रविवार मी तो मजकूर तपासला होता आणि वाकल्यावर वर काय दिसतं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

"बरोबर आहे," ती मराठीत म्हणाली.

"तं लिहून घे दुरुस्त करून," वडील खाली बसत म्हणाले. "पुढल्या रविवारी मॅडमले दाखव."

पुढच्या रविवारी टेम्पो वेळेवर आला. भिंतीवरच्या तिच्या पानाखाली तिने स्वतःच्या अक्षरात एक पट्टी चिकटवली: "खुलासा. खालची साडी हिरवी आहे. वाकून पाहिल्यावर तीच दिसते. चूक दाखवल्याबद्दल पप्पांचे आभार."

शेवटचा शब्द तिने आधी हिंदीतल्यासारखा 'धन्यवाद' लिहिला होता. तो तिने स्वतःच खोडला होता. का, ते मी विचारलं नाही.