पुंजारामआबांचं अनुमोदन

पुंजारामआबांना गावात एकही शत्रू नाही, कारण त्यांनी उभ्या आयुष्यात स्वतःचं मत कधी मांडलंच नाही. शहागडकडून घनसावंगीला जाताना लागणाऱ्या आमच्या गावात सभा कुठलीही असो, ठराव मांडायला माणसं ढीगभर मिळतात. अडतं ते अनुमोदकापाशी. सूचकाच्या पाठीशी त्याचा गट असतो. अनुमोदकाला मात्र दुसऱ्या दिवशी दोन्ही गटांच्या टपऱ्यांवरून तोंड घेऊन जायचं असतं. म्हणून "अनुमोदक कोण?" असं विचारलं की सगळे आपापल्या चपला शोधायला लागतात. तेवढ्यात खिडकीजवळून एक हात वर येतो. तो आबांचा.

हात वर यायला आबा जागे असलेच पाहिजेत असं काही नाही. ग्रामपंचायत होती तेव्हापासूनची ही सवय. दारूचं दुकान बंद करा, या ठरावाला आबांचं अनुमोदन. चालू ठेवा, यालाही आबांचंच. एका शोकसभेत कुणीतरी म्हणालं, "आता दोन मिनिटं शांत उभं राहू या." आबा डोळे न उघडता खणखणीत बोलले, "माझं अनुमोदन हाय!" मयताचा मुलगासुद्धा हसू दाबत होता. घरीही तोच प्रकार. सून साधना म्हणाली पिठलं करते, की आबांचं अनुमोदन. बायको चतुराकाकू म्हणाल्या पिठलं नको, तरी अनुमोदन. काकू दर गुरुवारी मळ्यातली भाजी घेऊन बाजारात बसतात आणि त्यांच्याशी भाव करायला गाव दचकतं. अशा बाईशी संसार करायचा तर दुसरा कुठला स्वभाव टिकला असता, हे मला अजून कळलेलं नाही.

पुढे गावाची नगरपंचायत झाली आणि येत्या वीस वर्षांचा विकास आराखडा करायचं ठरलं. नगररचनेचे एक तरुण साहेब आले आणि सभागृहात म्हणाले, "तुमचं गाव पुढे कसं दिसावं, ते तुम्हीच सांगा." असं आम्हाला कधी कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे लोक सुटलेच. संपतने हेलिपॅड मागितलं. का, तर पुढारी उतरताना त्याचा कापूस भुईसपाट होतो. भागवतला कारंज्याची बाग हवी होती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, याची त्याला कुणी आठवण करून दिली नाही. अनुमोदक पाहिजेच असं साहेब म्हणाले नव्हते, पण जुनी खोड जाते कुठे? प्रत्येक सूचनेला आबांचा हात वर. चहानंतर त्यांचा डोळा लागला. शेवटी शाळेतल्या ज्योत्स्नाबाई उठल्या आणि स्टँडमागच्या मोकळ्या जागेबद्दल काहीतरी बोलू लागल्या. पुरुषमंडळी एकदम खाली बघायला लागली. बाई बसल्या, कुणीतरी सवयीने "अनुमोदक?" म्हणालं, आणि खिडकीजवळचा हात वर आला.

काही महिन्यांनी आराखड्याचा नकाशा भिंतीवर लागला. आपलं घर कुठल्या रंगात गेलं ते बघायला जत्रा लोटली. हेलिपॅड कुठेच नव्हतं. स्टँडमागे मात्र एक निळा चौकोन होता आणि त्यात लिहिलं होतं, महिला स्वच्छतागृह व विश्रांतीची जागा. तो चौकोन म्हणजे आबांचा प्लॉट. तिथे साधनाचं शिलाईचं दुकान निघणार होतं. तिने मशीनसुद्धा आणून ठेवली होती.

"सगळं गाव सोडून आपलीच जागा देऊन आले का?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज आमच्या ओसरीपर्यंत आला.

"अगं, मला काय म्हाईत आपली हाय म्हणून?"

"मंग कुणाची हाय म्हणून हात वर केल्ता?"

साधनाने मशीनचं खोकं उचललं आणि पलंगाखाली सरकवून दिलं. आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत. त्यांचं मला खरंच वाईट वाटलं, तेव्हा शेजारधर्म म्हणून हरकतीचा अर्ज मीच लिहून दिला.

सुनावणीला काकू स्वतः बरोबर निघाल्या. आबांना एकटं सोडलं तर तिथेही कुणाला तरी अनुमोदन देऊन येतील, अशी त्यांची खात्री होती. साहेबांनी अर्ज वाचला, मग आबांकडे पाहिलं.

"आबा, सूचनेला अनुमोदनही तुमचंच आणि हरकतही तुमचीच?"

सभागृह खो खो हसलं. आबा धोतर सावरत उभे राहिले.

"साहेब, खरं सांगतो. त्या दिवशी मी ऐकलंच न्हाई. झोपलो व्हतो."

"मग आज ऐका," साहेब म्हणाले आणि त्यांनी ज्योत्स्नाबाईंना त्यांचं म्हणणं पुन्हा मांडायला सांगितलं.

बाई या वेळी कुणाकडे न बघता सरळ बोलल्या. "गुरुवारच्या बाजाराला बाया सकाळी येतात आणि अंधार पडल्यावर घरी जातात. मधल्या वेळात जायला कुठे आडोसा नाही. म्हणून त्या दिवसभर पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात चक्कर येऊन पडतात. कुणाला मूतखडा झालाय, कुणाची लघवीची जळजळ थांबत नाही. स्टँडजवळ तेवढीच जागा मोकळी दिसली. ती कुणाची आहे, मला ठाऊक नव्हतं."

आबा उभेच होते. ते हळूच काकूंकडे वळले.

"बाजारातून आली की तू दारातच तांब्यावर तांब्या पाणी पिती. त्ये याच्यामुळं का?"

"आत्ता इचारून राह्यले का?" काकू म्हणाल्या. एवढंच. एरवी त्या आबांना एका वाक्यावर सोडत नाहीत.

आबांनी घसा खाकरला. हात वर केला नाही, खिडकीकडे पाहिलं नाही. "साहेब, सुनेची मशीन खोक्यात पडून हाय. रस्त्याकडंची अर्धी जागा तिच्या दुकानाला राहू द्या. मागची अर्धी या बायांसाठी घ्या. त्याला माझी बिलकुल ना न्हाई. अन् हे मी जागेपणी बोलून राह्यलो."

"दोन्ही बसेल तिथे," साहेब नकाशावर बोट ठेवत म्हणाले. "समितीपुढे मी तसंच मांडतो." मग त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी काकूंना विचारलं, "काकू, तुमची काही सूचना?"

भर बाजारात अख्ख्या गावाला ऐकवणारी ती बाई पदर डोक्यावर ओढत उभी राहिली, आणि तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचेना. "मागं एकदा हायवेच्या ढाब्यावर गेल्ते मी. दाराला कडीच न्हाई. एका हातानं दार धरून बसले," काकू म्हणाल्या. "कडी आतून बसवा, साहेब."