मागे सरकणाऱ्या बाया

मोरू गेला त्याला पाच आठवडे झाले. सकाळी चहा ठेवून हाक मारली, ओ आली नाही... टेबलावर मान टेकवून, बसल्या जागी गेला माझा धाकटा भाऊ. त्याच्या तेरवीला ज्यांनी साधा निरोप धाडला नाही, त्या नागपूरच्या खत-कंपनीच्या साहेबांचा परवा फोन आला, म्हणून लिहायला बसले. एरवी मी गोड बोलणारी बाई, पण आज गोड काही निघायचं नाही, आधीच सांगते.

मोरू चित्रांवर पोट भरायचा. तांदळाच्या पोत्यावरचा मोर, नाटकांची पोस्टरं, खतवाल्यांची कॅलेंडरं. आमच्या दिघोरीत बसून काढायचा, नागपूरला पाठवायचा, आणि निम्मी परत यायची. परत आलेल्या चित्रावर तो रडत बसला नाही कधी. ज्याचं चित्र, त्यालाच नेऊन दाखवायचा. सुताराचं सुताराला, कोष्ट्याचं कोष्ट्याला. त्यांनी खोट काढली तर गुपचूप दुरुस्त करायचा. नाही काढली तर त्या दिवशी दोन घास जास्त जेवायचा, बस.

चार वर्षांमागे खताच्या कंपनीसाठी त्याने भाताच्या रोवणीचं, म्हणजे लावणीचं, चित्र काढलं. परत आलं. साहेबांना पटलं नाही म्हणे, का ते सांगायला तोंड नव्हतं. मोरू ते घेऊन बांधीवर, भाताच्या खाचरावर गेला. बायांचे हात चिखलाचे, म्हणून स्वतःच धरून उभा राहिला. एकीने निरखून पाहिलं. "काऊन गा भाऊ, गावच्या समद्या बाया डावखोऱ्या झाल्या का?" चिखलात बसायच्या राहिल्या, इतक्या हसल्या. मोरू स्वतः डावखोरा. आपलाच हात पाहून त्याने प्रत्येकीच्या उजव्या हातात पऱ्ह्यांची, भाताच्या रोपांची, पेंढी दिली होती, आणि डाव्याने रोवायला लावलं होतं. घरी येऊन अख्खं चित्र नव्याने काढलं. तोवर रोवणी आटोपली होती, दाखवायला कोणी उरलं नाही. तसंच धाडून दिलं.

मग साहेब फोनवर उगवले. बायका मागे जाताना दिसतात, आमचा शेतकरी पुढे जातो, फिरवून द्या. अरे, ज्याच्या बुटाला चिखल माहीत नाही त्याने रोवणी शिकवावी? रोवणारी बाई मागेच सरकते, रोवलेलं समोर ठेवत जाते. मोरू नाही म्हणाला. आणि मी, त्याची थोरली बहीण, मी काय म्हणाले असेन? "घे ना बापा फिरवून, तुहं काय जाते?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "ताई, मंग रोवलेलं कोनाच्या पायाखाली जाईन?"

साहेबांचा राग येतो, पण त्या दिवसाचा मला माझाच जास्त येतो.

मोरूचं चित्र परत आलं. कॅलेंडर निघालं, दुसऱ्या कोणाच्या चित्राचं. गोऱ्या गोऱ्या बाया दात दाखवत, आपणच लावलेल्या ओळी तुडवत पुढे निघालेल्या. खताच्या दुकानात वर्षभर टांगलं होतं ते. मोरूला त्या कंपनीचं काम पुन्हा आलं नाही.

आणि परवा हा फोन. मोरेश्वररावांचं ते चित्र आता छापू, श्रद्धांजली म्हणून. बायका तेवढ्या कॉम्प्युटरवर फिरवून घेऊ, तुम्ही फक्त पाठवा.

मी म्हटलं, "तो जिता होता तवा तुमाले त्याच्या बाया चालल्या नाही. आता त्याले जाळून आलो, तर त्याइले फिरवून राहिले? चित्र भेटत नाही." पुढे ते काय म्हणाले ठाऊक नाही, मी ऐकायला थांबलेच नाही.

सकाळी चित्र काखेत मारून बांधीवर गेले. हे दुसरं चित्र त्या बायांनी पाहिलंच नव्हतं. मोरूसारखंच दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. तेव्हा हसली होती तीच पुढे आली. चिखलाचं बोट कागदाला न लावता एकेकीचे हात तपासत गेली. पेंढी डाव्यात, उजवा पाण्यात. कोणी हसलं नाही.

"आता बराबर हाय, मावशी," ती म्हणाली, आणि वाकून मागे सरकत कामाला लागली.