सुट्टी शुक्रवारची, मॅच रविवारची

"मग तोंडावर सांगायचं ना, नाय जमणार म्हणून! 'विचार करते' काय? त्यात विचार करण्यासारखं हाय काय?"

"तेजल, आवाज खाली. वर्कशॉप आहे हे."

"इथे सगळ्या मशीन चालू हायत, ताई. त्यांच्या मानाने माझा आवाज खालीच हाय."

उल्हासनगर कॅम्प चारमधलं सिंधी कमलेशशेठचं जीन्स शिवायचं वर्कशॉप. निळ्या कापडाच्या ताग्यांमध्ये दोघी समोरासमोर उभ्या. तेजल बदलापूरजवळच्या चामटोलीहून रोज इथे शिलाईला येते आणि टीमची कॅप्टन आहे. स्वप्नाली अंबरनाथची, टीमची कोच. मुलींच्या फुटबॉल लीगमध्ये, अगदी तळाच्या डिव्हिजनमध्ये, त्यांची एकच मॅच उरली होती. ती जिंकली की टीम वरच्या डिव्हिजनमध्ये. मॅच यंदा पहिल्यांदाच शुक्रवारी ठरली होती, अंबरनाथच्याच मैदानावर.

आणि आज सकाळी समोरच्या टीमच्या कोचचा, राजसीचा, ठाण्याहून फोन आला. शुक्रवारी आमच्या सहाच पोरी येऊ शकतात, रविवारी खेळू या का?

सातपेक्षा कमी पोरी आल्या तर मॅच होतच नाही. म्हणजे बॉलला पायसुद्धा न लावता स्वप्नालीची टीम जिंकणार होती.

"त्यांची गोलकीपर बँकेत आहे," स्वप्नाली म्हणाली. "सुट्टी मिळावी म्हणून बिचारीने साहेबाला सांगितलं, मावशी वारली."

"एकच मावशी ना? तुम्ही तर तीन मारल्या होत्या."

पुढच्या मशीनवरची बाई फिस्सकन हसली. स्वप्नालीलाही हसू आलं. तिने ते गालातच दाबलं.

कारण ते खरं होतं. अंबरनाथ-बदलापूरच्या पट्ट्यात बहुतेक कारखान्यांची सुट्टी शुक्रवारी. बाकीचं जग रविवारी लोळतं तेव्हा इथे भोंगे वाजतात, आणि फुटबॉलच्या मॅचेस बाकीच्या जगाच्या घड्याळावर चालतात. स्वप्नालीची सगळी कारकीर्द या दोन वारांच्या मध्ये चेंगरली.

लहानपणी ती कॉलनीतल्या मैदानावर मुलांत खेळायची. कोणी घेत नव्हतं म्हणून आधी गोलमध्ये उभी राहिली. मग एकदा गोल सोडून बॉल घेऊन जी पुढे निघाली, ती मधल्या फळीतच स्थिरावली. पायाला भिंगरी. पुढच्यांना बॉल पुरव, मागच्यांची चूक निस्तर, आणि वर दोन्हीकडून बोलणी खा. वडील, भीमराव, ऑर्डनन्स फॅक्टरीत कामाला. त्यांची सुट्टी रविवारची, त्यामुळे पोरीची मॅच बघायला ते हजर असायचे, पण पोरगीच नसायची! ती एमआयडीसीतल्या औषधाच्या कंपनीत गोळ्यांच्या पाकिटांवर नजर ठेवून उभी. भीमराव टचलाइनला उभे राहून तिच्या जागी खेळणाऱ्या मुलीला सूचना द्यायचे. ती मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "काका, मी तुमची नाही हो."

मग स्वप्नालीने मावश्या मारायला सुरुवात केली. सीझनच्या पहिल्या मॅचला एक, उपांत्य फेरीला दुसरी. तिसरी मारली ती जिल्ह्याच्या निवडीसाठी. खरी मावशी एकच, गयाबाई, आणि ती ठणठणीत. इतकी ठणठणीत की त्याच रविवारी भाचीला आवडतात म्हणून बोंबलाचं कालवण आणि भाकऱ्या घेऊन थेट कंपनीच्या गेटवर हजर.

"स्वप्नालीला बोलवा. मी तिची मावशी."

वॉचमनने विचारलं, "कितवी?"

सुपरवायझरने मैदानावर फोन लावला. स्वप्नालीने बूट बांधले होते, नंबर पाठीला लावला होता. नोकरी हवी की निवड, एवढाच प्रश्न होता, आणि घरी धाकटी दोन भावंडं शिकत होती. तिने बूट सोडले. रिक्षात बसून कंपनीत आली, गेटवर मावशीची बोलणी खाल्ली, आत सुपरवायझरची खाल्ली, आणि दुपारी कालवण-भाकरीही खाल्ली. कालवण झकास झालं होतं, हे ती आजही मान्य करते. पुढे निवडीचं बोलावणं आलं नाही. क्लबातून मिळेल त्या शुक्रवारी, मिळेल त्या पोझिशनला खेळत राहिली. गुडघा बोलायला लागला तेव्हा तिने शिट्टी गळ्यात घातली आणि ज्या मुलींना रविवार मिळत नाही अशाच मुली गोळा केल्या. पॅकिंगच्या, शिलाईच्या, रंगाच्या कंपनीतल्या. दर रविवारी जेवढ्यांची शिफ्ट जमेल तेवढ्या यायच्या. आठ जणींनी अकरांशी खेळायचं, हे तर त्यांचं रोजचंच.

"ताई, इतकी वर्षं आपण आठ जणी घेऊन जातो," तेजल आता खरंच हळू बोलली, आणि ते जास्त लागलं. "कधी कोणी फोन केला? की बाबा, तुम्हाला शुक्रवार चालेल काय?"

"नाही केला."

"मग?"

"मग मला तसली मॅच जिंकायची नाही. समोर कोणी नाही आणि आपण टाळ्या पिटतोय!"

"मी पिटीन. दोन्ही हातांनी." तेजलने कापडाचा तागा धपकन बाजूला सारला. "आणि रविवारी खेळायचं तर मी कुठे हाय? शेठ सोडतील मला?"

शेठ कात्री घेऊन मागेच उभे होते. "दीदी, मला मध्ये घेऊ नका. रविवारी माल निकलतो. एकीला सोडली तर पूरी लाइन छुट्टी मागेल."

"जर्सी तर तुम्हीच दिल्यात ना?" स्वप्नाली म्हणाली.

"जर्सी दिली साईं, रविवार थोडी दिला?"

रविवार दिला तर मोठ्या मॅचला कॅप्टन मशीनवर बसणार, जशी एकदा ती स्वतः पाकिटांपुढे उभी राहिली होती. या वेळी सुपरवायझरच्या जागी तीच. आणि शुक्रवार धरून ठेवला तर ठाण्याच्या पोरींना घरी बसवून आपण वर चढणार. खरं सांगायचं तर सकाळी राजसी अजीजीने बोलत होती तेव्हा स्वप्नालीला गोड वाटलं होतं. चांगलंच गोड. म्हणूनच ती 'विचार करते' म्हणाली होती.

तिने फोन काढला. तेजलने हात कमरेवर ठेवले. मशीन एकेक करून थांबल्या.

"राजसी मॅडम? हां, स्वप्नाली. रविवार नाही जमणार."

तेजलचा चेहरा उजळला.

"शुक्रवारीच. पण सकाळी, उजाडल्याबरोबर. तुमच्या पोरींना तिथूनच परस्पर बँकेत, कॉलेजात जाता येईल. रेफ्री इथलेच आहेत, त्यांना मी उठवते."

पलीकडून राजसीचा आवाज सगळ्या वर्कशॉपला ऐकू आला. "अहो, पण त्यासाठी पोरींना काळोखात घर सोडावं लागेल! झोप नको का त्यांना?"

"आमच्या पोरी रात्रपाळी करून थेट मैदानावर आल्यात, मॅडम. तुमच्या झोपमोडीवर चहा माझ्याकडून. येताय की नाही?"

मग, "येतो. अकराच्या अकरा येतो."

फोन ठेवला गेला. पुढच्या मशीनवरची बाई म्हणाली, "हे बेस झालं." कमलेशशेठ म्हणाले, "चलो, मांडवली झाली, आता माझी पँट शिवा."

तेजल मात्र जागची हलली नाही.

"हातात आलेलं सोडलंत तुम्ही. त्यांच्या दोघी जिल्ह्याला खेळल्यात, ठाव हाय ना? गेल्या वेळी चार गोल घातलेनी आपल्याला."

"तेव्हा आपण आठच होतो."

"आणि अकरा असून हरलो तर? पुन्हा वर्षभर याच डिव्हिजनमध्ये? पुढच्या वर्षी घरचे मला खेळू देतील का, ते कोण सांगणार? ताई, तुम्हाला विचारते मी. हरलो तर?"

"म्हणून सुटल्यावर सरावाला ये," म्हणत स्वप्नालीने सोबत आणलेली बॉलची जाळी खांद्यावर टाकली, कापडाच्या ताग्यांमधून वाट काढली आणि ती जिना उतरून गेली.