तेराशे बावन्न सालची जमीन

तमाम जनतेस अत्यंत गंभीरपणे इत्तिला देण्यात येते की, सातासमुद्रापलीकडच्या एका बलाढ्य सरकारला आमच्या घरातल्या एका मुलीचं भय वाटू लागलं आहे. सदर मुलगी शिकायला म्हणून त्यांच्या विद्यापीठात येईल आणि मग तिथून हलणारच नाही, असा त्यांना दाट संशय आहे. सबब तिचा व्हिसा नामंजूर!

सदर मुलगी म्हणजे मी. वय तेवीस, वजन नाव घेण्यासारखं नाही, आणि बलाढ्य सरकारांना घाबरवण्याची ही पहिलीच वेळ.

मुंबईहून नकार घेऊन आले तेव्हा आमचं शहर अजून औरंगाबादच होतं आणि बातमी माझ्या आधी आमच्या गुलमंडी भागात पोचली होती. अर्ज आणखी एकदाच करता येण्याइतके दिवस उरले होते. महिन्याभरात वर्ग सुरू होणार होते. त्याच्या आत व्हिसा मिळाला नाही तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

खचले मी, पण कामाला लागले बाबा. पाटबंधारे खात्यात कारकून असलेल्या माणसाला नामंजूर अर्ज म्हणजे शेवट वाटतच नाही. त्याच्या मते तिथून खरी फाईल सुरू होते. त्यांनी रजा टाकली, दाखले गोळा केले आणि मुलाखतीच्या तालमीसाठी आत्याला अधिकारी नेमलं.

आत्या बाबांचा चष्मा नाकावर चढवून पाटावर बसायची. समोर मी उभी.

"का गं, शिकून परत येशील का?"

"येईन."

"खोटं! डोळे बघ कशे फिरवती. नामंजूर!"

"अगं आत्या, पण..."

"सायबाला आत्या म्हणती! नामंजूर!"

आठ दिवसांत आत्यानं मला एकोणीस वेळा परत पाठवलं. हे काम तिला इतकं आवडलं की स्वयंपाक मागं पडू लागला.

मग बाबांना सुचलं. "जमीन दाखवायची. ज्याची जमीन, तो माघारी येतोच. आपलं गाव सोडून कोण गेलंय आजवर?"

"तुम्ही," आत्या म्हणाली. "पंधरा वर्षं झाली, इथंच राह्यलात."

"दर शनिवारी जातो नं पण!"

जमिनीचे नवे कागद होतेच, पण त्यांवर चुलत्यांची इतकी नावं होती की बाबा त्यांत हरवून जात. पेटीच्या तळाशी मात्र आजोबांच्या एकट्याच्या नावाचा जुना कागद होता, निजामाच्या अमलातला, सगळा उर्दूत. पोलीस ॲक्शननंतर कचेऱ्यांचा कारभार मराठीत आला, पण तो कागद पेटीत होता तसाच राहिला.

तो घेऊन आम्ही शहरातच शहागंजला गेलो. तिथं एक चाचा होते, रेकॉर्ड ऑफिसातून निवृत्त झालेले. जुन्या कागदांचा इंग्रजी तर्जुमा, म्हणजे भाषांतर, टाईप करून त्यावर आपला गोल शिक्का मारून देत. बाबांनी हळूच सुचवलं, "चाचा, जरा वजनदार लिखो. साहब पे असर होना."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "देखो मियाँ, मैं तर्जुमा करतूं, तारीफ नक्को बोलो. जो लिखा है वोइच आएंगा."

आणि तसंच आलं. शब्दाला शब्द, आकड्याला आकडा. बाबांनी वाचला, आत्याला वाचून दाखवला, मी तर पाठच केला. कुणाला काही खटकलं नाही.

ठरल्या दिवशी मुंबईला बाबा सोबत होते. त्यांना आत सोडत नव्हते, म्हणून ते समोरच्या फुटपाथवर पिशवी मांडीवर घेऊन बसले. मी काचेच्या खिडकीपुढं उभी राहिले. पलीकडे गोरा, तांबूस मिशांचा अधिकारी. कागद चाळता चाळता तो थांबला.

"ही जमीन तुमच्या घराण्याची?"

"हो."

"तेराशे बावन्नपासून?"

 निजामाच्या कचेरीत इसवी नव्हे, फसली सन चालायचा. आमच्या घरात तो सगळ्यांच्या इतका अंगवळणी पडलेला, की तेराशे बावन्न वाचून आम्हाला आजोबांची तरणी मिशी दिसली होती; सहा शतकं कुणालाच दिसली नाहीत.

अधिकाऱ्यानं शेजारच्या खिडकीवरच्या बाईंना बोलावून कागद दाखवला. "सहाशे वर्षांहून जास्त! एकच घराणं!" दोघं माझ्याकडं असे बघू लागले, जसं कुणी वेरूळची लेणी बघावीत. कबूल करते, अर्धा मिनिट मी लेणं होऊन उभी राहिले. लई मजा आली. मान नुसती हलवली असती तरी काम झालं असतं.

पण त्या कागदावर चाचांचा शिक्का होता. उद्या कुणी हिशेब केला असता तर त्या काटेकोर माणसावर खोटेपणाचा आळ आला असता.

"साहेब," मी म्हणाले, "तो सन वेगळा आहे. त्यात पाचशे नव्वद मिळवा."

त्यानं मिळवले. चेहरा उतरला. "म्हणजे पन्नासएक वर्षांचीच गोष्ट?"

"हो."

"मग तुम्ही परत याल, यावर मी का विश्वास ठेवू?"

आत्यापुढं घोकलेलं 'येईन' राहिलं बाजूला. तोंडातून खरं तेच निघालं.

"कारण त्या जमिनीची चुलत्यांमध्ये वाटणी व्हायचीय. आमच्याकडं वाटणीच्या दिवशी जो हजर नसतो, त्याच्या वाट्याला खडक येतो. विहिरीजवळचा तुकडा काका गिळतील. मला भाऊ नाही. बाबा भिडस्त आहेत, कुणी काही मागितलं की देऊन टाकतात. मला यावंच लागेल."

तो हातातलं पेन टेबलावर ठेवून मोठ्यानं हसला. "माझे तीन भाऊ आहेत," म्हणाला. "आमच्याकडं तळ्याजवळच्या तुकड्यावरून चाललंय." आणि माझा पासपोर्ट त्यानं ठेवून घेतला. ठेवून घेतला म्हणजे व्हिसा मंजूर, एवढं मला बाहेरच्या रांगेत कळलं होतं.

मी धावत रस्ता ओलांडला. "बाबा, मिळाला!"

फुटपाथवर वाट बघणाऱ्या अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी माझा गालगुच्चा घेतला. बाबा मात्र उठले नाहीत. इतके दिवस दाखल्यांमागं धावलेला तो माणूस पिशवी घट्ट धरून आधी माझ्याकडं, मग त्या इमारतीकडं बघत राहिला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकदम म्हणाला,

"आन् नाय म्हणले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं!"