लोण्याखालच्या चटया

माझ्या बहिणीचा नवरा एल्रॉय ग्रुट्झमाखर हा स्वतःला आख्ख्या विस्कॉन्सिनमधला सगळ्यात मोठा ट्रकवाला समजायचा. काम काय, तर गिरणीतून कागदाची रिळं उचलायची आणि छापखान्यात नेऊन टाकायची. ती रिळं ना नासत, ना वितळत. झोपेतही करता येईल असलं काम, पण ऐट विचारू नका.

मी शीतपेटीचा ट्रक चालवते. चीज, लोणी, कधी मांस. नाताळच्या जेवणाला एल्रॉय दरवर्षी न चुकता विचारायचा, "काय गं दूधवाली, फ्रिजचं दार नीट लावून आलीस ना?" स्वतःच्याच विनोदावर तो बराच वेळ खिदळत बसायचा.

मग गिरणी बंद पडली. कोरडा माल वाहणारे पैशाला पासरी झाले आणि साठीच्या एल्रॉयला कोणी दारात उभं करेना. माझी बहीण मार्लिस माझ्यापाशी येऊन रडली, म्हणून मी आमच्या मालकाकडे, आर्विडकडे, शब्द टाकला. आर्विड मोजकं बोलणारा माणूस. "लोण्याची एक खेप टेक्सासला ने," तो एल्रॉयला म्हणाला. "माल नीट पोचला तर गाडी तुझी. नाहीतर किल्ली परत." खरं तर आमच्याकडे नव्या माणसाला आधी जुन्याच्या शेजारी बसवतात. एल्रॉयने ते उडवून लावलं. "हिच्या शेजारी बसून काय शिकू? बटण दाबायला?"

म्हणून दोन गाड्या निघाल्या. एकाच कारखान्यातलं लोणी, एकच गोदाम, भर जुलै महिना. माझ्याआधीच येऊन त्याने माल भरून घेतला होता आणि दाराला सील ठोकून झालं होतं. मी तरी विचारलं, "भाऊजी, पेटी आधी थंड केलीत ना?"

"केली."

"आत हवेला वाट ठेवलीत?"

"ट्रूडी, हवा कुठून जाते ते मला शिकवू नकोस. जन्मात माझ्या एका रिळाला ओरखडा उठलेला नाही."

वाटेत प्रत्येक थांब्यावर त्याचं तोंड चालूच. "हा तर पोरखेळ निघाला गं. थंडीच्या डायलवरचा आकडा बघायचा आणि पाय पसरायचे. ह्याचा पगार घेताना तुला लाज कशी वाटत नाही?" मी कॉफी पीत राहिले. त्याच्या डायलवरचा आकडा बरोबर होता, नाही म्हणायला जागा नव्हती.

टेक्सासच्या गोदामात माल तपासायला ओफेलिया नावाची बाई होती. तिने एल्रॉयच्या पेटीचं दार उघडलं आणि मागची रांग तिच्याच अंगावर यायची बाकी होती. तळाची खोकी बसकण मारून चेपली होती, कडांतून पिवळा ओघळ आला होता.

"मशीन चालू आहे! डायल बघा ना!" एल्रॉय ओरडला.

ओफेलियाने खोकी उतरवायला लावली, वाकली आणि खालून काहीतरी काळं उचकटलं. रबरी चटई. तिच्या पुढे आणखी एक, आणि अशाच थेट पुढच्या भिंतीपर्यंत. शीतपेटीच्या तळाला लांबच लांब पन्हळी असतात. थंड हवा मालावरून मागे येते आणि त्या पन्हळींतून परत पुढे जाते, म्हणून रस्त्याची धग मालाला लागत नाही. त्या सगळ्या पन्हळी ह्या शहाण्याने झाकून टाकल्या होत्या; डायल नुसती पुढच्या मशीनपाशीची थंडी दाखवत राहिला. कागदवाले रिळांना घाण लागू नये म्हणून खाली चटया घालतात. ह्याने त्या घरून आणल्या, धुऊन पुसून.

"हे काय?" ओफेलियाने विचारलं.

"माल स्वच्छ राहतो."

"अरे, इकडे या रे सगळे! लोण्याला गादी घातलीय!"

गोदामातली माणसं पोट धरून हसली. एल्रॉय मात्र गुडघ्यांवर बसून बरबटलेली चटई पुसत होता. "एका तरी खोक्याला माती लागलेली दाखवा," तो म्हणाला. ह्या दिवसाची मी किती वर्षं वाट पाहिली होती. पण हसूसुद्धा येईना, नुसती किळस आली.

माझा माल बिनबोभाट उतरला. आर्विडचा फोन आला, "त्याची किल्ली तू घे." ती गाडी आणायला दुसरा माणूस निघाला आणि एल्रॉय माझ्या शेजारी बसून परत यायला लागला. ओक्लाहोमात मला मार्लिसचा फोन आला. त्याने माझा हात धरला. "सांग ना, मशीन बंद पडलं म्हणून."

"मशीन बंद पडलं गं," मी सांगितलं. मला त्याची दया आली नव्हती. आपण कसला माणूस पदरात घेतलाय हे बहिणीला कळू नये, एवढंच.

शुक्रवारी गावच्या दारूगुत्त्यात तळलेले मासे खायला सगळे जमले, तर हा मधल्या टेबलावर. "थंड गाडीचा भरवसा नाही, मंडळी. मशीनने गळा कापला माझा. माझी चूक असती तर हिने मला सोडलं असतं का? विचारा ट्रूडीला!"

सगळे माझ्याकडे वळले. मार्लिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता.

"हो, मशीनच," मी म्हटलं.

"बघा!" एल्रॉयने बिअरचा मग उंचावला. "आणि असल्या भंगारावर ही बया स्वतःला ड्रायव्हर म्हणवते!"

सगळा गुत्ता हसला. मार्लिसही.