ऑडिटर साहेबांची घार

ऑडिटर साहेबांचा कुणाच्याही शब्दावर विश्वास बसत नसे. दूधवाला "आज दूध एकदम ताजं आहे" म्हणाला की ते शांतपणे विचारत, "म्हणजे काल नव्हतं?" सगळी नोकरी सरकारी हिशेब तपासण्यात गेली होती. निवृत्तीनंतर येरवड्यातलं घर सोडून ते आणि काकू धायरीला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. आल्यावर त्यांनी हातभर लांब लेन्सचा कॅमेरा घेतला आणि उडत्या शिकारी पक्ष्यांचे फोटो काढायला सुरुवात केली. माणसांचे फोटो का काढत नाही, असं मी एकदा विचारलं. "माणसं पोझ देतात. घार देत नाही," एवढंच उत्तर मिळालं.

साहेब जाऊन आता वर्ष होईल. मी आयटीतली, आठवडाभर खुर्चीला चिकटलेली. रविवारी सकाळी ते मला गच्चीवर घेऊन जात आणि धारेवर धरत. "अहो मॅडम, पक्षी दिसला की कॅमेरा उचलता, तिथेच चुकता. आधी तो वळणार कुठे ते ठरवा." घार वळायच्या बेतात असली की त्यांचा श्वास थांबायचा. अशा वेळी माझी चप्पल जरी वाजली तरी ते असे बघत, की नको तो छंद असं मला होऊन जाई.

घरी आल्यावर लॅपटॉपवर दुसरी परीक्षा. आभाळ उजळ असलं की फोटोत घारीचं पोट काळंठिक्कर येतं. तो काळोख साहेब इतका हळूहळू उजळत, की एकेक पीस सुटं दिसू लागे. पण त्यापुढे काही करू देत नसत. आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या ग्रुपमध्ये एका गृहस्थांनी शिक्र्याच्या फोटोत मागे भगवी संध्याकाळ चिकटवून आणली होती. साहेबांनी चष्मा वर सारला. "या आभाळाला मंजुरी कोणी दिली?" गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत. पुसायला परवानगी एकाच गोष्टीला होती, ती म्हणजे कॅमेऱ्याच्या आत बसलेली धूळ. ती आपली घाण, आपण पुसायची. पक्ष्याचं काही पुसायचं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. सोसायटीमागच्या नीलगिरीवर घारींच्या जोडीचं घरटं बांधणं चाललं होतं. त्या रविवारी त्यातली एक पायात काटकी घेऊन आमच्या डोक्यावरून अशी कलली, की कोवळं ऊन थेट पंखांखाली शिरलं. साहेबांनी ओळीने फोटो घेतले. दुपारी त्यांनी मला हाक मारली, "या मॅडम. आज पास होण्यासारखं काहीतरी आहे." फोटो खरोखर देखणा होता. "सेन्सरवर एक केस बसला होता, तेवढा काढला," ते म्हणाले आणि चक्क दुसरा चहा मागितला. "बघा, सूर्य कुठे उगवलाय," असं म्हणत काकूंनी आधण ठेवलं.

मग त्यांनी लगेचचा पुढचा फोटो उघडला. केस तिथेही होता. पण पहिल्यात कोपऱ्यात होता, आणि यात मधोमध. साहेबांचा हात थांबला. माझ्याही मनात पाल चुकचुकली. कॅमेऱ्यातली धूळ प्रत्येक फोटोत एकाच जागी दिसते, मग पक्षी कुठेही असो. हा केस घारीबरोबर सरकला होता. त्यांनी चित्र मोठं केलं. पंखाच्या सांध्यातून निघालेली बारीक रेघ शेपटीच्या कितीतरी मागे गेली होती.

"मांजा," साहेब म्हणाले. "नायलॉनचा."

आम्ही गच्चीवर धावलो. घार कुठेच नव्हती. साहेबांनी अग्निशमन दलाला फोन लावला.

"पक्षी कुठे अडकलाय, काका?"

"अजून अडकलेला नाही. अडकणार आहे."

"अहो, मग अडकला की कळवा ना."

त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं.  साहेब कॅमेऱ्याला डोळा लावून उभे राहिले. उन्हं उतरू लागली तशी ती आली, मागे दोरा लकाकत होता. "झाडावर नको गं बाई," साहेब पुटपुटले, "झाडावर नको." ती घरट्याजवळच्या फांदीवर बसली. आमचा जीव टांगणीला लागला. तिने उडायला पंख उघडले, दोरा ताणला गेला आणि ती उलटी लटकून फडफडू लागली. साहेब ओरडले. त्यांचा चढलेला आवाज मी तेवढा एकदाच ऐकला.

यावेळी फोन लावताच बंब आला. शिडी लावून एका जवानाने दोरा कापला आणि तिला पोत्यात गुंडाळून खाली आणलं. पंख हाडापर्यंत चिरला होता. "धुगधुगी आहे, न्या पटकन," तो म्हणाला. काकूंनी मिक्सरचं खोकं रिकामं करून दिलं. पक्ष्यांचा दवाखाना शहराच्या पार दुसऱ्या टोकाला होता, आणि सिंहगड रस्त्यावर आमची रिक्षा गर्दीत रुतली. साहेबांनी खोकं मांडीवर धरलं होतं. आतून नखांची खरखर येत होती.

"साहेब, सकाळी कळलं असतं तरी उडती घार कोण पकडणार होतं?" मी म्हणाले.

"पकडता आली नसती. मान्य." त्यांनी खोकं आणखी जवळ घेतलं. "पण ती रेघ मी पुसली ना हो." आणि हा कडक माणूस भर रस्त्यात, हॉर्नच्या कोलाहलात रडू लागला. मला फार वाईट वाटलं. मी नुसता खोक्यावर हात ठेवला.

पुलाच्या अलीकडे खरखर थांबली. माझ्या हाताखाली काहीच हलत नव्हतं.

"रहदारीत ऐकू येत नाहीये," साहेब म्हणाले. "आवाज येतोय ना?"

"येतोय," मी म्हणाले.

दुसऱ्याच्या शब्दावर त्यांनी जन्मात काही मंजूर केलं नव्हतं. खोक्याचं झाकण नुसतं वर टेकवलेलं होतं, बोटाने उचललं असतं तरी उघडलं असतं. त्यांनी ते उघडलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि पुढे वाकून म्हणाले, "जरा लवकर घ्या हो, दादा."